पाळणा लांबतो की थांबतो?

पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रान्सच्या लोकसंख्येचा मनोरा एकदा समोर घेऊन बघा. तळाशी तान्ही मुलं, त्यावर शाळकरी, मग तरुण, वर वर म्हातारी माणसं. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, आणि प्रत्येक वयाची एक आडवी पट्टी. या मनोऱ्याला दोन ठिकाणी मार लागलेला दिसतो. एक खड्डा फक्त डाव्या अंगाला आहे, तो खंदकांतून परत न आलेल्या पुरुषांचा. दुसरी खाच दोन्ही अंगांना सारखीच खोल आहे, उंदरानं दोन्हीकडून कुरतडावी तशी. युद्धाच्या वर्षांत जी मुलं-मुली एरवी जन्मली असती आणि जन्मली नाहीत, त्यांची ती जागा.

सैन्य जमवण्याचा हुकूम १ ऑगस्ट १९१४ ला निघाला आणि नऊ महिन्यांनी, १९१५ च्या मे महिन्यापासून, जन्मनोंदी कोसळल्या. युद्धाआधी वर्षाला साडेसात लाखांच्या आसपास मुलं जन्मत होती, १९१६ मध्ये जेमतेम निम्मी. त्या काळात न झालेल्या जन्मांचा अंदाज १४ लाखांचा आहे. फ्रान्सचे मारले गेलेले सैनिकही जवळपास तेवढेच.

अशा आकड्यांवर आपण चटकन म्हणून जातो, ‘साहजिकच आहे, अशा दिवसांत कोण मूल होऊ देईल?’ पण आकडे नीट पाहिले तर भीती हे कारण दुय्यम ठरतं. नवरे घरी नव्हते, हे मुख्य कारण. १९१५ च्या उन्हाळ्यापासून सैनिकांना पाळीपाळीनं रजा मिळू लागली आणि १९१७ मध्ये १९१६ पेक्षा जास्त मुलं जन्मली, १९१८ मध्ये त्याहून जास्त. युद्ध काही मवाळ झालं नव्हतं, मरणारे मरतच होते. तरीही चार दिवसांच्या रजेवर नवरा घरी आला की पाळणा हलायची शक्यता होती.

आपल्याकडे पाळणा लांबवणं आणि पाळणा थांबवणं असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, आणि ते या विषयाला चपखल बसतात. लांबवणं म्हणजे मूल हवं आहे, पण आत्ता नको. थांबवणं म्हणजे आता नकोच. माझं म्हणणं असं, की युद्ध बहुतेक वेळा पाळणा लांबवतं. थांबवते ती असुरक्षितता, जिचा शेवट कधी होणार हे कुणालाच सांगता येत नाही. जन्मदराची चिंता करणारी सरकारं नेमकी इथंच गल्लत करतात. त्यांना वाटतं, की देश धोक्यात आहे असं सांगितलं की घराघरांत जोम संचारेल. इतिहासात हा प्रयोग इतक्यांदा झाला आहे, की त्याचा निकाल एव्हाना पाठ व्हायला हवा होता.

भीतीला दुय्यम म्हटलं तरी शरीराचं स्वतःचं एक गणित असतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राड शहराला घातलेला वेढा सप्टेंबर १९४१ मध्ये सुरू झाला. त्या हिवाळ्यात उपासमारीनं असंख्य बायकांची पाळीच बंद झाली, आणि १९४२ च्या उत्तरार्धात त्या अवाढव्य शहरात जन्म जवळपास थांबले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात तेच, पण कमी प्रमाणात घडलं. हा कुणाचा निर्णय नव्हता, पोटात अन्न नव्हतं. पण अन्न मिळू लागताच दोन्हीकडे जन्म पुन्हा सुरू झाले, म्हणजे हाही लांबलेलाच पाळणा.

युद्ध संपलं की जन्मांची लाट येते, हा समज सर्वांच्या परिचयाचा आहे. सैनिक बोटीवरून उतरतो, धक्क्यावर प्रेयसी उभी असते, आणि पुढच्या वर्षी दवाखाने भरून जातात. कंबोडियात ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट गटाची राजवट १९७९ मध्ये कोसळल्यावर जन्म खरोखरच उसळले. अमेरिकेत १९४५ मध्ये साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास जन्म होते, ते १९४६ मध्ये ३४ लाखांवर गेले. पण या चित्रात एक अडचण आहे. अमेरिकेतली लाट टिकली १९६४ पर्यंत आणि तिचा कळस होता १९५७ मध्ये. युद्धावरून परतलेला माणूस बारा वर्षं परततच नसतो. फ्रान्समध्ये जन्म वाढायला लागले १९४२ मध्ये, देश जर्मन टाचेखाली असताना. आणि जे युद्धात उतरलेच नाहीत त्या स्वीडन, स्वित्झर्लंडमध्येही वाढ झाली. युद्धाचा शेवट फार तर पहिली दोन वर्षं समजावून सांगतो. पुढचं सगळं नोकऱ्या, घरं, लवकर होणारी लग्नं आणि उद्याचा दिवस आजच्यापेक्षा बरा असेल या भरवशाचं.

तो भरवसा कुठून येतो हा खरा प्रश्न, आणि इथं जग दोन भागांत विभागलं जातं.

काही समाजांत मूल हाच आधार असतो. पेन्शन नाही, सरकार कधी असतं कधी नसतं, न्याय मागायला गेलं तर भाऊबंद किती आहेत ते विचारलं जातं. अशा ठिकाणी असुरक्षितता वाढली, की जास्त मुलं असणं शहाणपणाचं ठरतं. चार दशकांच्या लढायांमध्येही अफगाणिस्तानात मोठी कुटुंबं टिकली त्यामागं हे एक कारण आहे. गाझा पट्टीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्त्रीला सरासरी सातपेक्षा जास्त मुलं होत होती. दुसऱ्या प्रकारच्या समाजांत मूल ही जबाबदारी असते. त्याचं शिक्षण, घर, वीस-पंचवीस वर्षांचा खर्च आणि आईच्या नोकरीत पडणारा खंड. इथं असुरक्षितता वाढली, की जबाबदारी अंगावर न घेणं शहाणपणाचं ठरतं. सीमेवर तोच तोफखाना, पण घरातली बेरीज-वजाबाकी अगदी उलटी. ‘युद्धानं जन्मदर वाढतो की घटतो?’ या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर देता येत नाही. जे देतात त्यांच्यापासून थोडं सावध राहिलेलं बरं.

हे दोन्ही समाज एकाच देशात एका पिढीत पाहायचे असतील तर इराणकडे बघावं. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर तिचे नेते खोमेनी यांनी दोन कोटींच्या सेनेची हाक दिली. १९८० मध्ये इराकनं हल्ला केला आणि आठ वर्षं युद्ध चाललं. त्या काळात बायकांना सरासरी सहाच्या वर मुलं होत होती. यात क्रांतीचा उत्साह होता, तसाच रेशनच्या कुपनांचा हिशेबही होता. युद्धकाळात जिन्नस माणशी वाटले जात, आणि तान्हं मूलही त्यात एक माणूस धरलं जाई. घरात एक तोंड वाढलं तर एक कुपन वाढत होतं. १९७६ मध्ये ३ कोटी ३७ लाख असलेली लोकसंख्या १९८६ च्या जनगणनेत ५ कोटींच्या जवळ पोहोचली. सुरुवातीला हे यश वाटलं. मग युद्ध संपलं, तिजोरी रिकामी होती, आणि या सगळ्यांना शाळा आणि काम कुठून द्यायचं हा प्रश्न आ वासून उभा राहिला. त्याच राजवटीनं १९८९ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. गर्भनिरोधकं फुकट, लग्नाआधी जोडप्यांना सक्तीचा वर्ग. पंधरा-सोळा वर्षांत सरासरी दोनच्या आसपास आली. इतकी वेगवान घसरण जगात क्वचितच कुठं झाली असेल.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. २०१२ मध्ये खोमेनींच्या जागी आलेले सर्वोच्च नेते खामेनी यांनी जाहीर सांगितलं, की हा कार्यक्रम इतकी वर्षं चालू ठेवणं ही चूक होती. २०२१ मध्ये कायदा आला, फुकट गर्भनिरोधकं बंद झाली, नसबंदीवर बंधनं आली, जास्त मुलांना सवलती जाहीर झाल्या. राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढं पुन्हा शत्रूच होता. पण आता त्या बायका शिकलेल्या होत्या, शहरात राहत होत्या, निर्बंधांनी किमती कुठं नेल्यात ते रोज बघत होत्या. जन्मदर वर गेला नाही. राजवट तीच, भाषण जवळपास तेच, ऐकणारं घर मात्र बदललेलं.

‘देशासाठी मुलं’ ही मागणी मात्र फार जुनी आहे. अॅरिस्टॉटलनं प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या राज्याबद्दल लिहून ठेवलंय, की तीन मुलगे असलेल्या बापाला तिथं लष्करी सेवेतून सूट होती आणि चार असलेल्याला करांतून. तरीही एका मोठ्या पराभवानंतर ते राज्य सावरलं नाही, ते माणसांच्या तुटवड्यानं. फ्रान्सनं १९२० मध्ये गर्भनिरोधाच्या प्रचारावर बंदी घातली आणि जास्त मुलांच्या आयांसाठी पदकं काढली. १९४० मध्ये जर्मनीपुढं गुडघे टेकल्यावर सरकारचे प्रमुख झालेले मार्शल पेताँ यांनी रेडिओवरून कारण सांगितलं, फार थोडी मुलं, फार थोडी शस्त्रं, फार थोडे मित्र. सेनापतीनं लष्कराच्या डावपेचांचं अपयश न झालेल्या बाळांच्या माथी मारावं, याला धाडस लागतं. १९३५ ते १९३९ मध्ये विशीला पोहोचणारे तरुण कमी होते हे खरं. पण ते कमी होते ते आधीच्या युद्धामुळे.

जपाननं जानेवारी १९४१ मध्ये धोरण ठरवलं. १९६० पर्यंत लोकसंख्या १० कोटी करायची, लग्नं तीन वर्षं लवकर लावायची, दर जोडप्याला सरासरी पाच मुलं. युद्ध हरल्यावर १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत मुलं झाली खरी, पण लगेच १९४८ च्या कायद्यानं गर्भपाताची वाट मोकळी झाली आणि दहा वर्षांत सरासरी साडेचारवरून दोनवर आली. जपान १० कोटींपर्यंत पोहोचला तो १९६७ च्या सुमारास, छोट्या कुटुंबांनिशी, कारण आता माणसं मरत कमी होती.

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करतो तो सोव्हिएत संघाचा ८ जुलै १९४४ चा हुकूम. दहा मुलं वाढवणारीला ‘वीरमाता’ ही पदवी याच हुकमानं मिळाली, आणि सगळे तेवढंच लक्षात ठेवतात. त्यातलं दुसरं कलम जास्त कामाचं होतं. त्या युद्धात देशानं एकूण अडीच कोटींहून जास्त माणसं गमावली. लग्नाच्या वयाच्या बायकांना पुरेसे पुरुष उरणार नव्हते, हे सरकारला कळत होतं. १९५९ च्या जनगणनेतही पुरुषांपेक्षा बायका सुमारे दोन कोटींनी जास्त निघाल्या. तेव्हा सरकारनं सोपा मार्ग काढला. लग्नाबाहेर झालेल्या मुलासाठी आईला बापावर दावा लावता येणार नाही, पोटगी मागता येणार नाही. तिला थोडा भत्ता सरकार देईल. पुरुषाला मोकळं सोडलं की जन्म वाढतील असा तो हिशेब होता. आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. शाळेत नाव घालताना, कुठल्याही कचेरीत कागद पुढं करताना, टेबलापलीकडच्या माणसाचं बोट त्या रेघेवर थांबायचं. देशाला सैनिक हवे होते, आणि त्याची किंमत पहिलीतल्या पोरानं आणि त्याच्या आईनं भरायची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये युक्रेनशी लढताना रशियानं ‘वीरमाता’ पदवी पुन्हा काढली, सोबत दहा लाख रुबल. २०२४ मध्ये मूल नको असण्याच्या ‘प्रचारा’वर बंदी आली. त्याच वर्षी रशियात १२ लाख २२ हजार मुलं जन्मली, १९९९ नंतरचा नीचांक.

इथं कुणीही इस्रायलचं उदाहरण पुढं करेल, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. जन्मापासून युद्धाच्या छायेत असलेला, श्रीमंत, शिकलेला देश, आणि तरी एका स्त्रीला सरासरी जवळपास तीन मुलं. धार्मिक कर्मठ कुटुंबं वेगळी काढली, तरी निधर्मी ज्यू बायकांची सरासरी दोनच्या आसपास राहते. बाकीच्या श्रीमंत जगात हे दुर्मीळ आहे. मग धोक्यानं जन्मदर वाढतो म्हणायचं का? मला नाही वाटत. त्याच देशातल्या मुस्लिम बायकांची सरासरी १९६० च्या दशकात नऊच्या वर होती, ती घसरत तीनच्या खाली आली. २०१५ च्या सुमारास ज्यू आणि अरब बायकांच्या सरासरीच्या रेघा एकमेकींना भेटल्या. भोंगे दोघींनी तेच ऐकले होते. एकीची रेघ उतरत होती, दुसरीची चढत होती. त्या देशात पंचेचाळिशीपर्यंत दोन मुलं होईतो कृत्रिम गर्भधारणेचा खर्च सरकार उचलतं, आजी-आजोबा जवळ असतात, मूल असणं हे सर्वसामान्य आयुष्य मानलं जातं. छळाची सामूहिक आठवण तिथं काम करत असेलही, पण ती पदकावर कोरून दुसऱ्या देशात नेता येत नाही.

नेता आली असती तर दक्षिण कोरियानं नेली असती. १९५३ मध्ये तिथं लढाई थांबली, शांततेचा तह आजही झालेला नाही. प्रत्येक तरुणाला दीड-एक वर्ष गणवेश घालावा लागतो. पंचाहत्तर वर्षांचा उशाशी बसलेला शत्रू, आणि २०२३ मध्ये एका स्त्रीमागे ०.७२ मूल. आता सैन्यच आक्रसतं आहे, कारण भरतीच्या वयाची मुलंच कमी. तैवानचंही तसंच, सरासरी एकच्या खाली, आणि २०२४ पासून सक्तीची सेवा चार महिन्यांवरून वर्षभर. तिथल्या बायका मुलं का टाळतात यात घरांच्या किमती, कामाचे तास, नवऱ्यांची घरकामातली गैरहजेरी हे सगळं आहेच, सीमेवरच्या शत्रूला एकट्यालाच जबाबदार धरणं खोटं होईल. पण शत्रूमुळे कुणी जास्त मुलं जन्माला घातली नाहीत, इतकं तरी नक्की.

आणि असुरक्षिततेला गोळीबाराचीही गरज नसते. पूर्व जर्मनीत १९८९ मध्ये भिंत पडली, रक्त सांडलं नाही, लोक रस्त्यावर नाचले. पण कारखाने बंद झाले, पाळणाघरं बंद झाली, आधीचे नियम गेले आणि नवे कुणाला नीट माहीत नव्हते. १९९४ पर्यंत तिथली सरासरी ०.७७ वर आली होती. बायका आपल्या परीनं थांबून बघत होत्या. पुढं तो पाळणा हळूहळू हलला, कारण नियम स्थिर झाले.

युक्रेनचं नेमकं उलट झालं, तिथं थांबून बघण्याचा काळ संपतच नाही. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमारास, १९९० मध्ये, तिथं साडेसहा लाखांवर मुलं जन्मली होती. २००१ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास. ती त्या दशकाची असुरक्षितता. २०२४ मध्ये मोठ्या चर्चेनंतर सरकारनं लढाईसाठी बोलावण्याचं वय २७ वरून २५ वर आणलं, आणि मित्रदेशांच्या आग्रहानंतरही १८ पर्यंत उतरवलं नाही. बाहेरच्यांना हे चमत्कारिक वाटलं, अस्तित्वाची लढाई आणि तरुण घरी? पण लढण्याच्या वयाच्या पट्ट्यांत त्या वयाची पट्टी सर्वांत अरुंद आहे. ती अजून झिजली तर पुढची पट्टी कुठून येणार? म्हणून खंदकात चाळिशीचे बाप आहेत. फ्रान्सच्या आलेखातली ती खाच इथं धोरण ठरवते आहे.

आणि नवी खाच पडतेच आहे. २०२१ मध्ये पावणेतीन लाखांच्या जवळ असलेले जन्म २०२४ मध्ये पावणेदोन लाखांवर आले, त्या वर्षी एका जन्मामागे जवळपास तीन मृत्यू झाले. साठ लाखांच्या आसपास माणसं देशाबाहेर, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, कारण लढण्याच्या वयाच्या पुरुषांना सीमा ओलांडायला परवानगी नव्हती. नवरा पूर्वेच्या आघाडीवर, बायको पोलंडमध्ये किंवा जर्मनीत, मुलं तिथल्या शाळेत तिथली भाषा बोलू लागलेली. १९१५ च्या फ्रेंच सैनिकाला रजा मिळाली की तो घरी जाई. या माणसाच्या रजेला घरच नाही. अशा जोडप्याचं वय पस्तीस असेल, तर दोन वर्षांचं लांबणं आणि कायमचं थांबणं यांत फरक राहत नाही. पूर्वी सात मुलं होत तेव्हा चार वर्षं हुकली तर पाच व्हायची. एकच मूल ठरलेलं असतं तेव्हा चार वर्षं हुकली तर शून्य.

युद्ध सुरू झाल्यापासून तिथले सैनिक आघाडीवर जाण्याआधी दवाखान्यात जाऊन शुक्राणू गोठवून ठेवतात. लष्करी जखमांनंतर मूल होईलच याची खात्री नाही, आणि परत येण्याचीही नाही. २०२३ च्या अखेरीस सरकारनं ही सोय कायद्यात बसवली आणि खर्च स्वतःकडे घेतला. पण त्या कायद्यात एक वाक्य होतं: सैनिक मेला, की साठवलेलं नष्ट करायचं. विधवांनी आणि डॉक्टरांनी ओरड केली, आणि २०२४ च्या सुरुवातीला संसदेनं ते वाक्य बदललं. आता मृत्यूनंतर तीन वर्षं सरकार फुकट सांभाळतं. त्यापुढं ठेवायचं असेल तर पैसे घरच्यांनी भरायचे.